बारा ब्रास समुद्र

पुण्याला समुद्र नाही, यात माझा काही दोष नाही. पुण्याच्या कडेला मांजरी गावात आमचं घर आहे, तिथल्या अंगणात तो काही दिवस होता, त्यात मात्र माझा हात होता, असं घरचे म्हणतात. मी फक्त एक आकडा सांगितला होता आणि तो आकडा बरोबर होता. हे मी आजही कुणालाही पटवून देऊ शकते, पण पूर्ण ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही.

माझी थोरली बहीण सोलापूरला दिलेली. तिला दिवस गेले आणि डोहाळे लागले. लोकांच्या मुलींना चिंच हवी असते, कैरी हवी असते, फार तर कोपऱ्यावरची भेळ. आमच्या ताईला समुद्र हवा होता. "मला बाकी काही नको," ती फोनवर आईला म्हणाली, "वाळूत घोट्यापर्यंत पाय खुपसून नुसतं बसायचंय." दाजींनी कोकणात न्यायचं कबूल केलं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी घाटातले हिसके खायला साफ मनाई केली. ताई हट्ट करणाऱ्यातली नाही. ती गप्प झाली, आणि ती गप्प झाली म्हणून आईचा जीव वरखाली व्हायला लागला.

"डोहाळा पुरवला न्हाई की बाळाचे कान फुटत्यात," आई म्हणाली.

"मग दारात समुद्र आणू का?" अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना एका वेळी एकच वाक्य बोलायची सवय आहे आणि ते वाक्य बहुतेक वेळा प्रश्न असतं. (पुढे जे झालं त्यावरून अण्णांची जीभ काळी आहे, असं गल्लीतले काही लोक मानतात.)

ताई सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला येणार आणि तिथून पुढे बाळंतपण उरकेपर्यंत माहेरीच राहणार, असं ठरलेलं होतं. तिच्यासाठी गच्चीवर एक खोली चढवायला घेतली होती. वीटकाम झालं होतं, वर स्लॅब पडला होता, प्लास्टर तेवढं राहिलं होतं. आणि इथेच मी आत शिरले.

मी कोथरूडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करते. इमारतीचं कॉम्प्युटरवर मॉडेल उभं करायचं आणि त्यातून भिंती किती, फरशी किती, रंग किती, याचे आकडे काढून द्यायचे, हे माझं काम. सॉफ्टवेअर फार गुणी आहे. भिंत काढली की तिची लांबी-उंची ते स्वतःच टिपून ठेवतं. दार बसवलं की तेवढी भिंत वजा करतं. खिडकी रुंद केली की तक्त्यातला प्लास्टरचा आकडा आपण काही न सांगता खाली उतरतो. माझं इतकं ऐकणारं आमच्या सगळ्या खानदानात कुणी नाही.

अडचण एकच. मला तंद्री लागते. लहानपणी मला दुधावर लक्ष ठेवायला बसवत आणि दूध उतू गेलं की मी कुठे गेले म्हणून शोधत. मी तिथेच असायचे. पातेल्यासमोर, पाटावर, दुधाकडे बघत. आई म्हणायची, "ही पोरगी डोळं उघडं ठेवून झोपती." झोपत नाही हो मी, फक्त जरा लांब जाऊन येते.

तर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी ताईच्या खोलीचं मॉडेल करायला घेतलं. पश्चिमेला तात्यांचा ऊस आहे. तात्या म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, आमच्या शेजारच्याच घरात राहतात. आजूबाजूला बिल्डिंगांवर बिल्डिंगा उठल्या तरी तात्यांनी तेवढा एक तुकडा हट्टानं राखलाय. संध्याकाळी वारा सुटला की तो ऊस या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकत जातो आणि सळसळतो. डोळे जरा बारीक केले तर लाटाच. मी मनाशी ठरवलं, ताईला कोकणात जाता येत नाही ना, मग पश्चिमेला मोठी खिडकी ठेवू. तिला खाटेवर बसून समुद्र दिसेल.

सॉफ्टवेअरमध्ये खिडकीबाहेर मागचं चित्र लावता येतं. मी उसाचा फोटो लावणार होते. पण माझ्याकडे उसाचा फोटो नव्हता आणि समुद्राचा होता. एकदा समुद्र लावल्यावर मग मी खोलीत ऊन सोडलं. त्यात सूर्य हवा त्या वेळेला आणून ठेवता येतो. मी तो मावळतीला आणून ठेवला. फरशीवर लांबच लांब तांबूस पट्टा पडला, आणि त्या पट्ट्यावरून चालत मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. आमचे सर मागून दोनदा जाऊन आले म्हणतात. मला दिसले नाहीत.

प्लास्टरचा आकडा मी आधीच काढून ठेवला होता. सॉफ्टवेअर तो चौरस मीटरमध्ये देतं. मांजरीत कुणाला चौरस मीटर सांगितलं तर तो माणूस तुम्हाला बसायला सांगतो आणि पाणी आणून देतो. आमच्याकडचा गवंडी भिंत मोजतो ती ब्रासमध्ये. म्हणून मी तक्त्यात ब्रासचा वेगळा रकानाच करून घेतला. आतून, बाहेरून, छतासकट, दार-खिडकी वजा जाऊन आकडा आला बारा. साडेबारा नाही, पावणेबारा नाही, बरोब्बर बारा. इतका देखणा आकडा क्वचित येतो. मी त्याच्याकडेही जरा वेळ बघत बसले होते.

आणि मी खिडकीशी उभी असताना तात्यांचा फोन आला. बांधकामाचं सामान आणायचं काम तात्यांकडे होतं, कारण अण्णांना दुकानदाराशी बोलायला आवडत नाही (दुकानदारांनाही अण्णांशी बोलायला आवडत नाही).

"मनू, पिलास्टरचं किती निघतंय गं?"

"बारा ब्रास, तात्या."

"बारा?" तात्या थबकले. "एका खोलीला?"

"दार-खिडकी वजा करून बारा."

"वजा करून बारा." पलीकडे बराच वेळ नुसता उसाचा आवाज येत राहिला. "बघ बरं एकदा नीट."

"तात्या, कॉम्प्युटरनं काढलंय."

"मंग झालं," तात्या म्हणाले. पुढे ते आणखी काही बोलले असतील. मला फक्त शेवटचं 'उद्या टाकाया सांगतो' एवढं ऐकू आलं. काय टाकायला, हे विचारायला हवं होतं, हे मला आता कळतं. पण त्या वेळी समोर सूर्य पाण्याला टेकत होता.

दुसऱ्या दिवशी आईचा ऑफिसात फोन आला. "मनू, वाळू आली गं. मोठी गाडी आली."

"छान झालं," मी म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "मनू, आणिक एक गाडी आलीया."

"आई, तीच गाडी असेल. तो मागे-पुढे करत असेल."

तिसऱ्या फोनला आईचा आवाज खाली गेला होता. "मनू, तुळस दिसंना झालीया."

मी काही म्हणायच्या आत अण्णांनी फोन घेतला. "तू काल तात्याला काय सांगितलंस?"

कोथरूडहून मांजरी म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. स्कूटरवर प्रत्येक सिग्नलला मी स्वतःची समजूत घालत होते की आई जरा वाढवून सांगते. घराच्या गल्लीत वळले आणि कळलं की आईनं कमीच सांगितलं होतं.

फाटकापासून जिन्यापर्यंत वाळूच वाळू होती. नदीची सोनेरी वाळू आता कुठली मिळायला. ही दगड भरडून केलेली, काळसर राखाडी, क्रश सँड. जिन्याच्या खालच्या पायऱ्या तिच्यात गडप झाल्या होत्या. तुळशीचा एक तुरा तेवढा वर होता. अण्णांच्या स्कूटरचं हँडल बाहेर होतं आणि त्याला हेल्मेट लटकत होतं. ढिगाच्या माथ्यावर तात्या कमरेवर हात ठेवून उभे होते.

"अंगणात एवढीच बसली," ते वरून म्हणाले, "राहिलेली रस्त्याला टाकलीया."

"तात्या, मी प्लास्टर सांगितलं होतं, बारा ब्रास."

"मंग पिलास्टरला वाळू लागत न्हाई व्हय?"

"लागते. पण पाऊण ब्रास लागते."

तात्या ढिगावरून खाली आले. उतरताना त्यांच्याबरोबर थोडी वाळूही उतरली आणि तुळशीचा तुरा गेला.

आता यात कुणाचंच चुकलं नव्हतं, हे मी तेव्हाही सांगत होते. भिंत मोजताना शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास. वाळू मोजताना शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. नाव एकच. फरक इतकाच की पहिला ब्रास भिंतीवर बोटभर जाडीनं पसरतो आणि दुसरा डंपरमधून येऊन तुमच्या स्कूटरवर बसतो. तात्यांनी विचारलेलं बरोबर होतं, मी सांगितलेलं बरोबर होतं, सॉफ्टवेअर तर बरोबर होतंच. चुकली ती फक्त वाळू.

अण्णांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे खोलीला ही पुरेल?"

"अण्णा, ही खोलीत भरली तर छताला टेकेल."

"भरायची का?" अण्णा म्हणाले आणि हेल्मेट काढून घेऊन आत गेले.

वाळूवाल्याला फोन केला. एकदा ओतलेला माल परत घेत नाही, असं त्यानं सांगितलं आणि आणखी लागली तर कळवा म्हणाला. गवंडी आला, गाडलेल्या जिन्याकडे बघत त्यानं चहा घेतला आणि 'वाट झाली की फोन करा' म्हणून निघून गेला. जेसीबी बोलावला तर तो फाटकातून आत येईना. मग आम्ही घमेल्यांनी उपसायला घेतलं. आमचे खांदे उतरले, ढीग उतरला नाही. येणारे-जाणारे थांबून "किती मजली?" विचारायचे. "एक खोली," अण्णा सांगायचे. एक गृहस्थ तर बुकिंग सुरू झालं का, असं विचारून गेले. (त्यांना अण्णांनी नाव-पत्ता लिहून ठेवा म्हणून सांगितलं.)

मग मांजरांना कळलं. इतकी भुसभुशीत, प्रशस्त सोय मांजरीतल्या मांजरांना आजवर कुणी करून दिली नव्हती. बातमी पसरली असावी, कारण लांबलांबची मांजरं यायला लागली. आईनं निळी ताडपत्री आणून उत्तरेकडचा भाग झाकला. मांजरं ताडपत्रीच्या खालून जायला लागली.

हे सगळं एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण रविवारी ताई येणार होती, तिच्या सासूबाई येणार होत्या, आणि डोहाळजेवण याच अंगणात होणार होतं. आईनं केव्हापासून मनात मांडून ठेवलं होतं, झोपाळा कुठे, बायका कुठे, पंगत कुठे. आता तिथे माणूस उभं राहायला जागा नव्हती. आई माझ्याशी बोलायची थांबली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती करंज्यांचं सारण भाजत राहिली. मला मनापासून वाईट वाटत होतं. ताईला मी खिडकीतून समुद्र दाखवायला निघाले होते, आणि तिला आता माहेरच्या घरात शिरायला वाट नव्हती. मी मोरीत जाऊन रडले. बाहेर आले तर पायाला वाळू लागली.

रविवारी मंडळी सांगितल्यापेक्षा लवकर आली. आम्ही उंबऱ्यापर्यंत चिंचोळी पाऊलवाट काढत होतो, हातात घमेली, केसांत वाळू, आणि फाटकात गाडी उभी राहिली. ताईच्या सासूबाई उतरल्या. कडक इस्त्रीची साडी, कडक इस्त्रीचा चेहरा. त्यांनी ढिगाकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि मग आमच्याकडे पाहिलं.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

तात्या उसाकडे बघायला लागले. मी चपलेकडे बघायला लागले. अण्णांनी तोंड उघडलं, म्हणजे आता प्रश्न येणार. तेवढ्यात आई पुढे झाली. हातातलं घमेलं तिनं मागे माझ्याकडे दिलं, पदर खोचलेला होता तो सोडला आणि म्हणाली,

"समुद्र हाय."

सासूबाईंनी पुन्हा एकदा ढिगाकडे पाहिलं.

"लेकीचा डोहाळा हुता," आई म्हणाली. "डॉक्टरीण जाऊ दीना. मंग म्हटलं हितंच करू. लोकं डोहाळजेवणाला नौका करत्यात, चांदणं करत्यात. आमी समुद्र केलाय."

"एवढी वाळू?" सासूबाईंचा आवाज जरा खाली आला होता.

"लेकीसाठी आणायची ती मोजून आणत्यात व्हय?"

मी घमेलं घट्ट धरून उभी राहिले. ती वाळू माझ्या आयुष्यात मी सगळ्यात काटेकोर मोजलेली गोष्ट होती.

तेवढ्यात गाडीच्या पलीकडच्या दारातून ताई उतरली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. फाटकातच चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर उचलली आणि दाजींचा हात धरून सावकाश ढिगाच्या उतारावर आली. बेतानं खाली बसली. आधी एक पाय आत सरकवला, मग दुसरा, घोट्यापर्यंत. आणि डोळे मिटून घेतले.

ऊन उतरत आलं होतं. तात्यांच्या उसावर वारा सुटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकत गेला, आणि सळसळ अंगणापर्यंत येऊन थांबली. मग पुन्हा आली. सगळेजण उसाकडे वळून ऐकायला लागले. सासूबाईसुद्धा. मला क्षणभर खरंच वाटलं की भिंतीपलीकडे पाणी आहे आणि जरा टाचा उंचावल्या की दिसेल.

"मनू," ताई डोळे न उघडता म्हणाली, "आवाजपण येतोय गं."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझा हात धरला. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "हे तू केलंस?"

"हो," मी म्हणाले. हिशेबानं पाहिलं तर खोटं नव्हतं.

"वाळू काळी का आहे?"

"कोकणात काही ठिकाणी अशीच असते," मी म्हणाले. "फक्त उत्तरेकडच्या किनाऱ्यावर जाऊ नकोस."

मग जी धांदल उडाली ती काय सांगू. मांजरांसाठी आणलेली निळी ताडपत्री झटकून पसरली, ते पाणी झालं. तात्यांनी घरातली बाज आणून वाळूत रुतवली, तिला गवंड्याच्या परांचीचा बांबू बांधला आणि अण्णांचं धोतर त्याला लावलं, ते शीड झालं. अण्णा म्हणाले, "मी काय नेसू?" पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ताईला हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत त्या नौकेवर बसवलं. गल्लीतल्या बायका वाळूतच ऐसपैस बसल्या, कुणाला सतरंजी लागली नाही. ओटी भरली, गाणी झाली. शेवटी ताईपुढे झाकलेल्या दोन वाट्या ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, असा तो खेळ. ताईनं एक वाटी उघडली आणि आतला तुकडा तोंडात टाकला. कचकच असा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"बर्फी," ताई चावत म्हणाली.

सासूबाईंनी जाताना आईचा हात हातात घेतला. हौस पाहावी तर तुमच्याकडं, म्हणाल्या. पुढे त्यांच्या नात्यातल्या कुणी तरी सोलापूरहून मला फोन केला. त्यांच्याही सुनेचं डोहाळजेवण होतं आणि समुद्राला किती ब्रास लागते, असं त्यांना विचारायचं होतं. मी त्यांना प्रश्न पुन्हा नीट विचारायला लावला.

खोली वेळेत झाली. खिडकी मोठीच ठेवली. ताईला मुलगी झाली आणि ती त्या खोलीत, त्या खिडकीखाली पहिल्यांदा पाळण्यात झोपली. तिचे कानही ठणठणीत आहेत. वाळूतली पाऊण ब्रास भिंतींना लागली. बाकीची गल्लीत ज्यानं त्यानं घमेल्या-घमेल्यानं नेली, तात्यांच्या गोठ्याची जमीन झाली, तुळशीला नवं वृंदावन झालं, तरी जिन्याखाली एक ढीग उरलाच. भाची आजोळी आली की त्यातच असते. तिला ती वाळू कुठून आली, हे तात्या दर वेळी पहिल्यापासून सांगतात आणि दर वेळी एक गाडी वाढवतात.

परवाच्या सुट्टीत आम्ही सगळे एकदाचे कोकणात गेलो. भाची तेव्हा बोबडं बोलायचं सोडून चांगली स्पष्ट बोलायला लागली होती. नारळांच्या मागून आम्ही किनाऱ्यावर आलो आणि समोर ते सगळं एकदम उघडलं. मावळतीचं ऊन, लांबच लांब तांबूस पट्टा, माझ्या मॉडेलमधल्यासारखाच. मला साहजिकच तंद्री लागली. मी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक. कुणी तरी माझं बोट ओढत होतं म्हणून खाली पाहिलं.

भाची डाव्या हाताला वाळू संपते का ते बघत होती. मग तिनं उजव्या हाताला पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी अण्णांच्या चेहऱ्यानं.

"मावशी," ती म्हणाली, "ही पण तूच मागवलीस?"